खिळ्याला टांगलेली सलाईन

“पॅन्क्रियाजचा कॅन्सर आहे, लिव्हरमध्ये मेट्स आहेत,” एवढं बोलून डॉक्टरांनी वाजणारा फोन उचलला आणि ते खिडकीशी गेले. पलीकडच्या माणसाला ते नव्या गाडीचा रंग सांगत होते. पांढरा नको, राखाडी हवा. मी आणि आमचे हे टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या आतड्यांकडे बघत बसलो.

पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड, ते जठराच्या मागं असतं. मेट्स म्हणजे मेटॅस्टॅसिस, म्हणजे आजारानं मूळ जागा सोडून दुसरीकडंही बिऱ्हाड केलेलं. हे मी नंतर चार जणांना विचारून शिकले. त्या शहाण्यानं काही सांगितलं नाही. फोन संपल्यावर म्हणाला, “तीन-चार महिने. केमो देता येईल, पण फार फरक पडायचा नाही. घरी विचार करा आणि कळवा.” यांनी जाताना त्याला नमस्कार केला. मी केला नाही.

माझं नाव मंगल. आम्ही मळवलीला राहतो. मी अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली. हे बंगल्यांचे पंप आणि मोटारी दुरुस्त करायचे. शनिवारी मालक मंडळी यायची आणि टाकीत पाणी चढत नाही म्हणून बोंब उठायची, की हे पाना घेऊन निघाले. मुलगी चाकणला असते, ती आणि जावई दोघं कंपनीत, रविवारी येतात. ज्यांच्या घरी असा आजार आलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला गोड लिहिता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

निदान होईपर्यंत यांना अकरा दिवस त्या दवाखान्यात ठेवलं होतं. सीटी स्कॅन, बायॉप्सी, म्हणजे सुईनं आतला तुकडा काढून तपासणं, आणि रोज सकाळी रक्त. यांच्या शिरा सापडायच्या नाहीत. शिकाऊ पोरं यायची, एक या हातात टोचायचं, एक त्या. दोन्ही हात कोपरापर्यंत काळेनिळे झाले होते. उंच शिडीवर एका हातानं मोटार धरणारा माणूस, पण तिथं ट्रेची खडखड ऐकली की डोळे मिटून घ्यायचा.

घरी आलो त्या दिवशी ओट्यावर बसूनच यांनी मला सांगितलं, “मंगल, आता सुई न्हाई, नळी न्हाई, आन परत त्या दवाखान्यात न्हाई. जे काय व्हायचं ते हितं. बोल, व्हय का?”

“व्हय,” मी म्हणाले. एवढा एकच शब्द मी दिला होता, आणि पुढचं सगळं त्या शब्दावरनं आहे.

दवाखान्यातून निघताना एका तरुण डॉक्टरणीनं जिन्यात गाठून एक फोन नंबर दिला होता. त्या इमारतीत माणूस म्हणावा अशी ती एकच भेटली. म्हणाली, “हे पॅलिएटिव्ह केअरवाले आहेत, घरी येतात.” पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होत नसेल तेव्हा दुखणं, उलट्या, दम, भीती, हे सगळं आटोक्यात ठेवायचं आणि माणसाला जमेल तेवढं सुखात ठेवायचं. आमच्याकडे त्याला ‘डॉक्टरांनी हात वर केले’ असं म्हणतात. मीही तेच म्हणत होते.

तीन दिवसांनी तळेगावहून स्कूटरवर शैला सिस्टर आल्या. ठेंगण्या, चष्मा, पाठीला सॅक. मला वाटलं, ही बाई काय दिवे लावणार! त्यांनी बीपी बघायच्या आधी चहा घेतला आणि यांना विचारलं, “काका, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?”

दीड महिन्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “आबाचा.”

आबा म्हणजे माझे थोरले दीर, आंबीला असतात. त्यांच्याकडे येतेच मी.

त्या दिवशी मॉर्फिन सुरू झालं. मॉर्फिन म्हणजे तीव्र दुखण्यावरची गोळी, दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखायला लागल्यावर द्यायची नाही, दुखायच्या आधी द्यायची. मी विचारलं, सवय लागेल ना? सिस्टर म्हणाल्या, “काकू, दुखण्यासाठी मोजून दिलेल्या गोळीची नशा लागत नाही. मात्र पोट साफ व्हायचं औषध बरोबर द्यायचंच, ते चुकवू नका.” तिसऱ्या दिवशी हे पाठ टेकून झोपले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना घोरताना ऐकलं आणि मोरीत जाऊन रडून घेतलं.

दुखणं गेलं आणि पाहुणे आले.

पाहुण्यांबद्दल माझं मत आधीपासून चांगलं नव्हतं, आता तर काडीचंही राहिलेलं नाही. बिस्किटाचे पुडे घेऊन यायचे, पलंगाभोवती खुर्च्या मांडून बसायचे आणि कोण कुठल्या कॅन्सरनं कसं गेलं ते यांच्या तोंडावर सांगायचे. एकजण गुळवेलीचा काढा सांगायचा, दुसरा गोमूत्र, तिसरा कुठल्याशा डोंगरातला वैद्य, जो म्हणे फोटो बघून औषध देतो. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? यांची गादी बदलायला एकानं हात लावला नाही. वलवणच्या माझ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, चार वेळा आल्या आणि चारही वेळा आधी माझी फळी बघून गेल्या, यांच्यासाठी आणलेला खाऊ मी खाल्ला की काय ते.

आणि आबा. वय बहात्तर, डोक्याला टोपी, आवाज असा की समोरच्या बंगल्यातली कुत्री भुंकायची. आल्या आल्या उभ्यानंच विचारायचे, “सलाईन कुटं हाय?”

“नाही लावलेली.”

“का न्हाई? येवढा मानूस झिजलाय, आन साधी सलाईन न्हाई? आमच्या तिकडं ताप आला तरी लावत्यात. एक बाटली गेली की मानूस उटून बसतोय!”

आमच्या मावळात सलाईनवर जेवढी श्रद्धा आहे तेवढी देवावर नाही. अशक्तपणा, सलाईन. चक्कर, सलाईन. सून रुसली तरी सलाईन लावून आणतील. आबांना मी सांगितलं, सिस्टरांनी सांगितलं, फोनवर सिस्टरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की यांच्या शरीराला आता ते पाणी पेलणार नाही. आबा ऐकून घ्यायचे आणि दारात जाऊन वन्संना म्हणायचे, “हिला घरात दवाखाना मांडायचा हाय, पन बाटली लावायला हात उचलंना.” सगळी भावकी तेच बोलायला लागली. एक दिवस तर आबा गाडी घेऊनच आले, उचलून न्यायला. मी आडवी आले म्हणून हे घरी राहिले.

त्या दुपारी हे म्हणाले, “ए मंगल, लिंबाखालची बाटली आन.”

यांची एक खोड होती, काही फेकायचं नाही. दवाखान्यातली सलाईनची रिकामी बाटली नळीसकट घरी आणून यांनी परसातल्या लिंबाच्या रोपाला ठिबक म्हणून बांधली होती. ती मी आणली. यांनी पडल्या पडल्या सगळं सांगितलं. बाटली घासून पाणी भर. उशाच्या खिळ्याला टांग. नळी पांघरुणाखालनं ने आणि पलंगाखाली डब्यात सोड. डब्यात जुनं फडकं घाल, आवाज नको यायला. मनगटाला नुसती पांढरी पट्टी गुंडाळ. मग त्यांनी स्वतः नळीवरचं चाक फिरवून थेंब बसवले. दोन महिन्यांनी हातात काम मिळालं होतं, इतके खूश होते की मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी आबा आले. बाटलीकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि थेंब मोजत बसले. पाच मिनिटांनी म्हणाले, “बग, कसा फरक पडला! तोंडावर तेज आलंय.”

“लय बरं वाटतंय,” हे म्हणाले. “अंगात करंट आल्यागत झालंय.”

वन्संनी पदरानं डोळे पुसले. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला. हीच ती शहाणी माणसं, ज्यांनी महिनाभर माझं रक्त आटवलं होतं, आणि डब्यात पडणाऱ्या पाण्यानं त्यांचं समाधान झालं! त्यानंतर कुणी गाडी आणायचं नाव काढलं नाही. पाहुणे यायचे, बाटली बघायचे, मान हलवायचे आणि जायचे. मी प्रत्येकाला मनातल्या मनात येडा म्हणून घ्यायचे.

शुक्रवारी शैला सिस्टर आल्या. बाटली बघून थबकल्या. नळीवरून बोट फिरवत फिरवत खाली वाकल्या आणि डबा बघितला. मला वाटलं आता झापणार. त्या उठल्या, चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, “काका, थेंब फार जोरात सोडलेत. मिनिटाला वीस ठेवा, नाहीतर ओळखतील.”

तीन आठवडे असे बरे गेले. मग यांचं खाणं थांबलं. आधी भाकरी, मग मऊ भात, मग पेज. आणि एका सोमवारी पाणीही थांबलं. चमचा तोंडाशी नेला की मान वळवायचे.

सिस्टरनी मला ओट्यावर बसवून सगळं नीट सांगितलं. “काकू, शरीर आपलं काम आवरतंय. ते आता पाणी मागत नाही. त्यांना तहान लागलीय असं समजू नका, तोंड कोरडं पडतं तेवढंच. कापसाचा बोळा पाण्यात नाहीतर चहात बुडवायचा, ओठ आणि जीभ ओली करायची, दर तासाला. पाणी आत ढकललंत तर ते छातीत साचेल.” मी नंदीबैलासारखी मान डोलावली. कळलं होतं मला. अगदी स्पष्ट कळलं होतं, म्हणून तर हे लिहिताना लाज वाटते.

मंगळवारी आबा येऊन गेले. जाताना दारात चपला घालत वन्संना म्हणाले, “बाटली हाय म्हनून बरंय बाई. न्हाईतर लोकं म्हनली आसती, पान्यावाचून मारला.”

त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. बाटली खोटी होती आणि यांच्या पोटात दोन दिवस थेंब गेला नव्हता.

मी आत आले. अंगणवाडीत आयांना मी एक गोष्ट शिकवायचे. जुलाब झालेल्या पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. चटकन सपाट झाली तर ठीक. तशीच उभी राहिली तर पाणी कमी पडलंय, धावा, पोर हातचं जाईल. अठ्ठावीस वर्षं हे घोकलं, साखर-मिठाचं पाणी पाजून पोरं वाचवलेली बघितली. मी यांच्या हाताची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली.

बास, तिथं माझी अक्कल संपली. सिस्टरला फोन केला नाही, कारण त्या काय म्हणणार ते माहीत होतं. नाक्यावरच्या एका डॉक्टरला केला. नाव घेत नाही त्याचं. आजार कुठला, किती पसरलाय, एक अक्षर विचारलं नाही. म्हणाला, “आधीच सांगायचं ना मावशी,” आणि कंपाउंडरला पाठवून दिलं.

कंपाउंडरनं खरी बाटली काढली. हे डोळे मिटून होते. मी म्हणाले, “अहो, जरा ताकदीचं औषध आहे.” यांनी डोळे उघडले, बाटली बघितली, मला बघितलं आणि हात पुढं केला. मला वाटलं, ग्लानीत आहेत, कळत नाहीये. चौथ्या वेळेला शीर सापडली. प्रत्येक वेळी यांच्या पायाची बोटं आखडत होती, आणि मी दुसरीकडे बघत होते.

संध्याकाळपर्यंत दोन बाटल्या गेल्या. आणि ऐका आता, मला काय वाटलं असेल? तोंडावर तेज आलंय, असं वाटलं. मला! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बुधवारी दुपारी पावलं सुजून आली. मग छातीत घरघर सुरू झाली, हुक्क्यात पाणी बोलावं तशी. श्वास घेताना खांदे वर उचलायला लागले. आबा तिथंच होते. ते ओरडले, “गाडी बोलवा! आता घरात ठिवू नका!” आणि त्यांनी फोन करून बोलावलीसुद्धा. मी सिस्टरला फोन लावला. तोंडातून एवढंच निघालं, “लवकर या, मी घाण केलीय.”

तळेगावहून त्या पाऊण तासात आल्या. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स फाटकाशी येऊन उभी राहिली होती आणि दोन माणसं स्ट्रेचर काढत होती. मी दारात उभी राहिले. आबा म्हणाले, “बाजूला हो.” मी म्हणाले, “नाही. यांना शब्द दिलाय. अर्धा मी मोडलाय, अर्धा तुम्हाला मोडू देणार नाही.” ती माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली.

सिस्टरनी आत जाऊन एकच विचारलं, “किती बाटल्या?”

“दोन.” 

मला वाटलं होतं, शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, “ठीक आहे, काढू या.” आधी सुई काढली. फोनवर डॉक्टरीणबाईंशी बोलून लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर पडेल. ते आणि मॉर्फिनचा एक छोटा डोस कातडीखाली बारीक सुईनं दिला. मॉर्फिननं दमही कमी होतो, हे लक्षात ठेवा, ते नुसतं दुखण्याचं औषध नाही. उशा लावून पाठ उंच केली. टेबलफॅन तोंडासमोर ठेवला, गालाला वारा लागला की दम लागल्याची भीती कमी होते. मग आबांकडे वळून म्हणाल्या, “आबा, तुम्ही यांचा हात धरून बसा. सोडू नका.”

आबा पलंगाशी बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि धाकट्या भावाचा हात दोन्ही हातांत धरून संध्याकाळपर्यंत बसून राहिले. ॲम्ब्युलन्स केव्हा परत गेली ते त्यांनी वळूनही बघितलं नाही. दोन-अडीच महिन्यांत त्या माणसाला कुणी काही काम दिलं नव्हतं, मीही नाही. अंधार पडेपर्यंत घरघर बरीच उतरली.

हे रविवारी गेले, सकाळी नऊच्या सुमाराला, आपल्या पलंगावर. मुलगी उशाशी होती, मी पायाशी, आबा ओट्यावर. श्वास लांब लांब होत गेला आणि मग पुढचा आलाच नाही. अंगाला सुई नव्हती, नळी नव्हती. दुखत नव्हतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

तेराव्याला लोक जेवले आणि म्हणाले, मंगलनं काही कमी केलं नाही, शेवटपर्यंत सलाईन चालू होती. अजून तेच. सुधारणार नाहीत. पण मी कुणाला खोडून काढलं नाही, बोलायला मला तोंड कुठं होतं?

शैला सिस्टरचे उपकार कसे फेडायचे मला कळत नाही. तुमच्याकडे अशी बाई आली तर तिचं ऐका. ती ‘काही करू नका’ म्हणाली की त्यातच सगळ्यात जास्त करायचं असतं, हे मला फार उशिरा समजलं. आणि पाहुणे म्हणून कुणाकडे गेलात तर सलाईन कुठंय ते विचारू नका. गादीची चादर बदलायचीय का ते विचारा. मी आता जाते तेव्हा तेच विचारते.

पण आदल्या दिवशीचं, शनिवारचं सांगायचं राहिलं. सकाळी मी यांचं तोंड ओलं करत होते. बोळा चहात बुडवला होता, कारण पाण्याला हे तोंड वाकडं करायचे. श्वास शांत होता, डोळे मिटलेले. मला राहवलं नाही. म्हणाले, “माझं चुकलं हो. त्या कंपाउंडरला मीच बोलावलं होतं.”

“म्हाईत हाय,” हे म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

“मग तुम्ही हात का पुढं केलात? नाही म्हणायचं होतं.”

मी बोळा पुन्हा त्यांच्या ओठांवरून फिरवला. मला वाटलं, झोपले. मग डोळे न उघडताच म्हणाले, “आबासाटी खोटी लावली. तुज्यासाटी खरी लावून घेतली.” जरा दम खाल्ला. “आता पुरं.”

मी बोळा वाटीत ठेवला आणि त्यांच्याजवळ नुसती बसले.